रिनाउंड, फेमस की रेप्युटेड? नावलौकिकाच्या इंग्रजी शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा चादरी आणि टॉवेलचा यंत्रमाग कारखाना अक्कलकोट रस्त्यावर आहे. परदेशी खरेदीदारांसाठी इंग्रजीत माहितीपत्रक छापायचे आहे. छापखान्याने पाठवलेल्या मजकुराची पहिलीच ओळ अशी : ‘वुई आर वर्ल्ड रिनाउन मॅन्युफॅक्चरर ऑफ सोलापूर चादर अँड टर्किश टॉवेल.’ मुलगा म्हणतो, ‘रिनाउंड’ हवे. आमचे मॅनेजर म्हणतात, सरळ ‘फेमस’ लिहा, कोणालाही कळेल. बरोबर काय? (एक कारखानदार)

उत्तर : व्याकरण मुलाचे बरोबर आहे. पण त्या ओळीत व्याकरणापेक्षा मोठी एक अडचण आहे, तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

‘रिनाउन’ हे नाम आहे. अर्थ कीर्ती, नावलौकिक. ‘अ सर्जन ऑफ ग्रेट रिनाउन’ म्हणजे मोठा नावलौकिक असलेला शल्यचिकित्सक. विशेषण म्हणून वापरायचे तर शेवटी ‘ई-डी’ लागलेच पाहिजे. ही चूक होते ती कानामुळे. ‘रिनाउंड डॉक्टर’, ‘रिनाउंड टीचर’ असे भरभर बोलताना शेवटचा ‘ड’ पुढच्या शब्दात विरून जातो, ऐकणाऱ्याला ‘रिनाउन’ एवढेच ऐकू येते आणि तेच कागदावर उतरते. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही ही चूक करतात, त्यामुळे छापखान्याला फार दोष देऊ नका. फक्त छपाईआधी दुरुस्त करून घ्या.

दुसरी चूक स्पेलिंगची. पुष्कळ जण मधे ‘के’ घालतात, कारण त्यांना वाटते की हा शब्द ‘नो’, म्हणजे ‘जाणणे’, या क्रियापदावरून आला. तसे नाही. हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या पोटात ‘नाव’ आहे. लॅटिनमध्ये नावाला ‘नोमेन’ म्हणतात. आपले ‘नाम’ आणि ते ‘नोमेन’ एकाच प्राचीन मुळाचे. पुढचा ‘रि’ म्हणजे पुन्हा. ज्याचे नाव लोक पुन्हापुन्हा घेतात तो रिनाउंड. म्हणून अक्षरे अशी : आर, ई, एन, ओ, डब्ल्यू, एन, ई, डी. उच्चार ‘टाउन’, ‘डाउन’ यांच्या चालीवर करायचा, ‘नोन’च्या चालीवर नव्हे. शब्दाचे तुकडे दोनच, रि आणि नाउंड, आणि आघात दुसऱ्यावर. ‘रि-नाउ-नेड’ असे तीन तुकडे करून म्हणू नये.

आता ‘फेमस’. हा लॅटिन ‘फामा’वरून आला. फामा म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट, बोलवा. रोमन लोकांची फामा नावाची देवता होती आणि कीर्ती व अफवा ही दोन्ही खाती तिच्याकडेच होती! त्या शब्दाचा स्वभाव आजही तसाच आहे. ‘फेमस’ म्हणजे पुष्कळांना माहीत असलेला, एवढेच. का माहीत आहे, चांगल्यासाठी की निव्वळ गाजावाजामुळे, हे तो सांगत नाही. ‘रिनाउंड’ मात्र ते सांगतो. कौशल्य, विद्या, गुणवत्ता, वर्षानुवर्षांचे काम यांतून मिळालेला आणि जाणकारांनी मान्य केलेला लौकिक असेल तरच तो शब्द शोभतो. मोबाइलवरच्या एका व्हिडिओने रातोरात घरोघरी पोचलेला मुलगा फेमस झाला, रिनाउंड झाला नाही. उलट, जकार्डवर (मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) नवी नक्षी बसवण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही असा एखादा कारागीर असतो. अशोक चौकाच्या पलीकडे त्याला कोणी ओळखत नसेल, तरी ‘रिनाउंड अमंग वीव्हर्स’ असे त्याच्याबद्दल खुशाल लिहावे. ‘फेमस’ लिहिता येणार नाही, कारण तो तसा नाहीच.

आपल्याकडचीच आणखी उदाहरणे घ्या. संक्रांतीची गड्डा यात्रा फेमस. शेंगाचटणी आणि कडक भाकरी फेमस. सोलापुरी चादर दोन्ही : घरोघरी आहे म्हणून फेमस, आणि वर्षानुवर्षे धुऊनही टिकते म्हणून ‘रिनाउंड फॉर इट्स ड्युरेबिलिटी’.

‘रिनाउंड’पुढे कोणते शब्दयोगी लावायचे, हे इथेच पाहून ठेवा. गुणासाठी किंवा वस्तूसाठी ‘फॉर’ : ‘रिनाउंड फॉर इट्स टॉवेल्स’. भूमिकेसाठी ‘अ‍ॅज’ : ‘रिनाउंड अ‍ॅज अ टेक्स्टाइल सेंटर’, म्हणजे मराठीतले ‘म्हणून’. लोकांच्या गटासाठी ‘अमंग’. प्रदेशासाठी ‘थ्रूआउट’ किंवा ‘अ‍ॅक्रॉस’ : ‘रिनाउंड थ्रूआउट इंडिया’. आपण घसरतो ते ‘मुळे’वर. मराठीत ‘सोलापूर चादरींमुळे प्रसिद्ध आहे’ हे अगदी सरळ वाक्य. त्यातल्या ‘मुळे’चे कोणी ‘ड्यू टू’ करते, कोणी ‘बाय’. ‘फेमस’ असो वा ‘रिनाउंड’, दोन्हींपुढे ‘फॉर’च घालावा. ‘व्हेरी फेमस’ चालते, ‘व्हेरी रिनाउंड’ कानाला खटकते, कारण मोठेपणा त्या शब्दातच आहे. वाढवायचेच असेल तर ‘वाइडली रिनाउंड’, ‘इंटरनॅशनली रिनाउंड’ किंवा ‘वर्ल्ड-रिनाउंड’ लिहावे. शेवटच्या शब्दात आडवी जोडरेघ हवी. ‘वाइडली’, ‘इंटरनॅशनली’ अशा ‘ली’ने संपणाऱ्या शब्दांनंतर नको.

आता ती मोठी अडचण. रिनाउंड हा दुसऱ्याने म्हणायचा शब्द आहे. मराठीत ‘आम्ही नावाजलेले कारखानदार आहोत’ असे कोणी स्वतःच्या तोंडाने सांगू लागला तर ऐकणारा जरा सावरून बसतो. इंग्रजीतही तेच होते. शंभर माहितीपत्रके चाळणारा परदेशी खरेदीदार ‘वर्ल्ड-रिनाउंड’ वाचून पुढे सरकतो. तो शब्द गावाला द्या, स्वतःला नको : ‘वुई वीव्ह कॉटन चादर्स अँड टेरी टॉवेल्स इन सोलापूर, अ सिटी रिनाउंड फॉर इट्स वीव्हिंग.’ हे विधान खरे आहे आणि कोणालाही तपासता येते. लगेच खाली टॉवेलचे जीएसएम (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन), लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचे माप), रंग पक्का असल्याची चाचणी आणि एका खोक्यातले नग द्या. खरेदीदार ते वाचतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. त्याचाही उल्लेख वजनदार ठरेल, मात्र १९९९च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंद झालेली असली पाहिजे.

ओळीतल्या आणखी दोन शब्दांवर खूण करून ठेवा. ‘चादर’ हा शब्द परदेशात एकटा सोडू नका. इराणी स्त्रिया अंगभर घेतात त्या वस्त्राचे नाव त्याच्याशी मिळतेजुळते आहे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहते. पहिल्यांदा येईल तिथे ‘कॉटन बेड-कव्हर’ असा खुलासा जोडा. दुसरा शब्द ‘टर्किश टॉवेल’. आपल्या पेठेत तो वेटोळ्यांच्या टॉवेलला सर्रास म्हणतात, पण बाहेरच्या माणसाला वाटेल की माल तुर्कस्तानचा आहे. ‘टेरी टॉवेल’ लिहा.

प्रश्न : मी यंदा बी.कॉम. झाले. नोकरीच्या अर्जात ‘आय विश टू वर्क इन युअर रेप्युटेड कंपनी’ असे वाक्य आम्ही सगळेच लिहितो. एका मैत्रिणीच्या मुलाखतीत, परदेशात राहून आलेल्या अधिकाऱ्यांनी ‘रेप्युटेड म्हणजे काय, ठाऊक आहे का?’ असे विचारले. त्यात चूक काय आहे? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : वर्तमानपत्रातल्या जाहिराती आठवा. ‘नामांकित कंपनीत पाहिजेत.’ या ‘नामांकित’चे इंग्रजी कोणीतरी ‘रेप्युटेड’ केले आणि ते देशभर रुळले. भारतातल्या कार्यालयांत त्याचा अर्थ ‘चांगले नाव असलेली’ असाच घेतला जातो. त्यामुळे इथल्या इथे अर्ज करताना कोणी तुम्हाला हसणार नाही. अडचण येते ती वाचणारा बाहेरचा असला की.

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत ‘रेप्युटेड’ म्हणजे ‘असे म्हणतात, खरे-खोटे माहीत नाही’. लॅटिन मुळाचा अर्थ मोजणे, धरून चालणे. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे : ‘म्हणे’. ‘ही इज द रेप्युटेड ओनर ऑफ द मिल’ म्हणजे ‘गिरणीचा मालक म्हणे हाच’. ‘द फोर्ट इज रेप्युटेड टू हॅव अ सीक्रेट टनल’ म्हणजे ‘किल्ल्यात म्हणे भुयार आहे’. तिकडची वर्तमानपत्रे ‘रेप्युटेड गँग लीडर’ असे लिहितात, कारण न्यायालयात काही सिद्ध झालेले नसते. आता तुमचे वाक्य त्या कानांनी ऐका : ‘तुमच्या म्हणे-कंपनीत काम करायची माझी इच्छा आहे.’ अधिकाऱ्यांनी विचारले ते यासाठी.

मग काय लिहावे? लोक पटकन ‘रेप्युटेबल’ सुचवतात. त्याचा अर्थ सचोटीचा, विश्वास ठेवण्याजोगा. ‘बाय गोल्ड ओन्ली फ्रॉम अ रेप्युटेबल ज्वेलर’ इथे तो चपखल बसतो, कारण फसवणुकीची भीती आहे. पण कंपनीला तोंडावर ‘युअर रेप्युटेबल कंपनी’ म्हणणे म्हणजे ‘तुम्ही फसवे नाही, याची मी खात्री करून घेतली आहे’ असे सांगण्यासारखे होते. त्यापेक्षा ‘वेल-रिगार्डेड’ किंवा ‘रिस्पेक्टेड’ बरे. आमचे स्पष्ट मत असे की अर्जात हे विशेषण नकोच. त्या जागी कंपनीविषयी खरी आणि नेमकी एक गोष्ट लिहावी. ‘आय अ‍ॅम अप्लाइंग फॉर द पोस्ट ऑफ अकाउंट्स असिस्टंट. युअर फर्म एक्स्पोर्ट्स टॉवेल्स, अँड आय हॅव स्टडीड एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन.’ दोन वाक्ये, पण वाचणाऱ्याला कळते की उमेदवाराने त्यांची माहिती काढली आहे. ‘एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ हेही त्याच जातीचे, शिक्क्यासारखे उमटणारे. तेही गाळावे.

‘रेप्यूट’ या नामाला मात्र हा संशय चिकटलेला नाही. ‘अ कॉलेज ऑफ रेप्यूट’ म्हणजे चांगल्या नावाचे महाविद्यालय, सगळीकडे. फक्त त्याला ‘इल’ जोडू नका. ‘हाउस ऑफ इल रेप्यूट’ हा इंग्रजीत वेश्यागृहासाठी वापरायचा आडपडद्याचा शब्दप्रयोग आहे. ‘या वाड्याला चांगले नाव नाही, भुताखेताचा समज आहे’ असे सांगायला गेलात तर भलताच अनर्थ होईल.

‘नामांकित’ची एक गंमतही पाहा. आता बातम्यांत ‘पुरस्कारासाठी नामांकित’ असा वापर होतो, म्हणजे नाव सुचवलेला, ‘नॉमिनेटेड’. त्या ‘नॉमिनेटेड’च्या पोटातही तेच लॅटिन नाव आहे, जे ‘रिनाउंड’च्या पोटात आहे. मराठीत एका शब्दावर दोन अर्थ बसले, इंग्रजीत एका मुळाचे दोन शब्द झाले. भाषांतर करताना वाक्यात पुरस्कार आहे की लौकिक, हे आधी बघा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. ‘माय सिटी’ या निबंधात तिने लिहिले, ‘सोलापूर हॅज फेमस टेम्पल्स अँड मेनी इन्फेमस टेम्पल्स ऑल्सो.’ बाईंनी लाल रेघ मारली. तिचे म्हणणे, ‘कम्प्लीट’चे उलट ‘इन्कम्प्लीट’, तर ‘फेमस’चे उलट ‘इन्फेमस’ का नाही? मला समजावता आले नाही. (एक आई, नवी पेठ)

उत्तर : मुलीचा तर्क चांगला आहे, तिला तसे जरूर सांगा. फसवणूक शब्दाने केली आहे. मराठीत नकारासाठी ‘अ’ आहे आणि वाइटासाठी ‘कु’, ‘अप’, ‘बद’ आहेत. अपूर्ण वेगळे, कुरूप वेगळे. ‘इन्कम्प्लीट’मधला ‘इन’ हा आपला ‘अ’. ‘इन्फेमस’मधला ‘इन’ मात्र आपल्या ‘कु’चे काम करतो. म्हणून त्याचा अर्थ अप्रसिद्ध होत नाही, कुप्रसिद्ध होतो. तिच्या वाक्याचा अर्थ ‘सोलापुरात बदनाम देवळेही पुष्कळ आहेत’ असा झाला!

तिला म्हणायचे होते ते ‘लिटल-नोन टेम्पल्स’. फार लोकांना ठाऊक नसलेल्या गोष्टीला हाच सगळ्यात साधा शब्द. ‘ऑब्स्क्युअर’ही चालेल, पण त्यात अंधारात राहिल्याची छटा आहे. माणसाविषयी, त्याने मोठे काम करूनही कोणी नाव घेतले नाही असे सांगायचे असेल तर ‘अनसंग’.

‘इन्फेमस’ हा शब्द आधीपासूनच जड आहे. रोमन कायद्यात ‘इन्फामिया’ म्हणजे नागरिकाची पत जाणे. असा शिक्का बसलेल्या माणसाचे काही हक्कही जात. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर ८ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हल्ल्याच्या दिवसाबद्दल ‘इन्फमी’ हे याच शब्दाचे नाम योजले होते. आपल्याकडे ‘इन्फेमस’ हा जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी गोळ्या झाडायला लावणाऱ्या डायरसाठी वापरावा, ‘द इन्फेमस जनरल डायर’. लिखाणात आपण ‘इन्फेमस’ असे लिहितो, पण उच्चार ‘इन्फमस’ आहे : जोर ‘इन्’वर, आणि मधला ‘फ’ ऱ्हस्व. ‘इन्-फेऽ-मस’ म्हटले की ऐकणाऱ्यालाही ‘न-फेमस’च वाटते, आणि मुलांचा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

शेजारचा शब्द ‘नोटोरियस’. त्याचे मूळ साधेच आहे, ‘माहीत असलेला’. काळाच्या ओघात तो वाइटाकडे झुकला. इन्फेमस हा एखाद्या घोर कृत्याचा डाग, तर नोटोरियस ही सतत अनुभवाला येणारी खोड. म्हणून ‘सोलापूर इज नोटोरियस फॉर इट्स समर हीट’ हे वाक्य अगदी बरोबर. मे महिन्यात भर दुपारी पार्क चौकात उभे राहिलेला कोणीही त्याला दुजोरा देईल. ‘इन्फेमस’ इथे फार झाला, उन्हाने काही गुन्हा केलेला नाही.

एक विनंती शिक्षकांना. प्रगतिपुस्तकात खोडकर मुलासाठी ‘नोटोरियस’ लिहिण्याची सवय काही ठिकाणी दिसते. इंग्रजीत तो शब्द अट्टल गुन्हेगाराच्या नावाआधी येतो. मुलासाठी ‘मिस्चिव्हस’ लिहा. त्याचे तुकडे तीन आहेत आणि आघात पहिल्यावर. ‘मिस्चीव्हियस’ असा उच्चार नाही.

प्रश्न : ‘वेल नोन’मध्ये जोडरेघ केव्हा द्यायची? (एक मुद्रितशोधक)

उत्तर : नामाच्या आधी आला तर द्यायची : ‘अ वेल-नोन पोएट’. क्रियापदानंतर आला तर बहुतेक शैलीपुस्तके देत नाहीत : ‘द पोएट इज वेल नोन’. तुलनेची रूपे ‘बेटर-नोन’ आणि ‘बेस्ट-नोन’, ‘मोर वेल-नोन’ टाळावे. ‘वर्ल्ड-फेमस’ला नामाआधी हाच नियम.

प्रश्न : गणेशोत्सवात आणि व्याख्यानमालेत मी सूत्रसंचालन करतो. अलीकडे पाहुण्यांची ओळख इंग्रजीतही करून द्यावी लागते. ‘सुप्रसिद्ध, प्रख्यात, नामवंत, ज्येष्ठ’ यांना इंग्रजीत कोणते शब्द? मी सगळ्यांना ‘इमिनंट’ म्हणतो. (एक सूत्रसंचालक, बाळीवेस)

उत्तर : म्हणता आहात तो शब्द आधी सुधारू. तुम्हाला हवा आहे तो ‘एमिनंट’, तोंड उघडून ‘ए’. अर्थ ‘इतरांहून उंच उठून दिसणारा’. ‘इमिनंट’ हा वेगळा शब्द आहे, अर्थ ‘येऊन ठेपलेला’, आणि तो बहुतेक वेळा संकटाविषयी वापरतात. वादळ इमिनंट असते. पाहुण्यांना ‘इमिनंट’ म्हटले तर ते कोसळण्याच्या बेतात आहेत असे होईल.

‘एमिनंट’ राखून ठेवावा विद्वान, वकील, वैद्य, शास्त्रज्ञ यांच्यासाठी, म्हणजे ज्यांचे क्षेत्र विद्येचे किंवा व्यवसायाचे आहे. गायक, चित्रकार, नट यांना ‘रिनाउंड’ किंवा ‘अक्लेम्ड’. सार्वजनिक जीवनातल्या मंडळींना ‘प्रॉमिनंट’. त्यात मोठेपणापेक्षा ठळकपणा जास्त आहे, त्यामुळे राजकीय पाहुण्यांबाबत तो सुरक्षित. ‘ज्येष्ठ’साठी ‘व्हेटरन’ घ्या, ‘सीनियर’ने फक्त वय किंवा हुद्दा कळतो. मंचावरच्या सर्वांना मिळून ‘डिस्टिंग्विश्ड गेस्ट्स’ म्हणावे. एका माणसाला एकच विशेषण द्या. मराठीत ‘सुप्रसिद्ध, प्रख्यात, नामवंत’ अशी माळ आपल्याला जड वाटत नाही. इंग्रजीत दुसऱ्या विशेषणापासून ऐकणारा संशय घेऊ लागतो.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातर्फे सोलापूरच्या थोर व्यक्तींची इंग्रजी माहितीफलके तयार होत आहेत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या नावाआधी ‘रिनाउंड सर्जन’ लिहावे, ‘लेजेंडरी’ लिहावे की ‘इलस्ट्रियस सन ऑफ सोलापूर’? समितीत एकमत होत नाही. आणि चार हुतात्म्यांसाठी ‘फेमस मार्टर्स’ चालेल का? (एक प्राध्यापिका)

उत्तर : समितीने थोडा वेळ विशेषणे बाजूला ठेवून आधी वाक्याचा कणा तयार करावा. डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यात ते होते. युद्धभूमीवर त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी सांभाळली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले.

आता शब्द तपासू. ‘रिनाउंड सर्जन’ म्हटले की वाचणाऱ्याला वाटते, शस्त्रक्रियेतल्या कौशल्याबद्दल त्यांचा वैद्यकजगतात दबदबा होता. त्यांचा लौकिक त्यासाठी नाही, परक्या देशातल्या सेवेसाठी आहे. विशेषण खोटे नसले तरी ते चुकीच्या नामाला चिकटले आहे, आणि अशा फलकांवर हाच दोष सगळ्यात जास्त आढळतो. ‘रिनाउंड’ ठेवायचाच असेल तर ‘फॉर’सह लिहा : ‘डॉक्टर कोटणीस, रिनाउंड फॉर हिज सर्व्हिस टू द वूंडेड इन चायना’. याने ‘कशासाठी’चे उत्तर त्याच ओळीत मिळते.

‘लेजेंडरी’ नको. तो शब्द एके काळी दंतकथेतल्या पात्रांसाठी होता आणि आता क्रिकेटपटूंपासून हॉटेलातल्या मिसळीपर्यंत सगळ्यांना लागतो. शिवाय ज्यांच्या जन्म-मृत्यूच्या तारखा आपल्याजवळ आहेत, त्यांना दंतकथेत ढकलू नये. ‘इलस्ट्रियस’ हा उजेडावरून आलेला शब्द, ‘तेजस्वी, उज्ज्वल’. घराणे, परंपरा, दीर्घ कारकीर्द यांना तो छान दिसतो : ‘अ‍ॅन इलस्ट्रियस करिअर’. बत्तीस वर्षांच्या आयुष्याला तो चालेल, पण ‘सन ऑफ सोलापूर’सह भाषणाचा सूर येतो. फलक वाचणारा उभा असतो, त्याला भाषण नको असते. आमची पसंती ‘सेलिब्रेटेड’ला, तेही चीनच्या संदर्भात. या शब्दाचे लॅटिन मूळ ‘लोकांची गर्दी जिथे जमते ते’ असे आहे, आणि आजही त्यात लोकांनी मिळून केलेला सन्मान ध्वनित होतो. चीनमध्ये त्यांची स्मारके आहेत, तेव्हा ‘सेलिब्रेटेड इन चायना टू धिस डे’ हे शब्दशः खरे ठरते.

हुतात्म्यांसाठी ‘फेमस’ लिहू नका. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. ‘फेमस’ने त्यांचे मरण प्रसिद्धीच्या मापात जाते. ‘रिव्हिअर्ड’ हा शब्द आहे, अर्थ ‘पूज्यभावाने स्मरलेला’. पण खरे तर ‘मार्टर’ या नामातच सगळे आले आहे, त्याआधी काहीच लावले नाही तरी चालते. ‘द फोर मार्टर्स ऑफ सोलापूर’ एवढेच लिहा, खाली चारही नावे सारख्या आकारात आणि तारीख द्या. ‘मार्टर’चे स्पेलिंग शेवटी ‘वाय-आर’ असे आहे. दगडावर कोरायला देण्याआधी ते दोघांकडून वाचून घ्या. तसेच ‘कोटणीस’मधला ‘ण’ इंग्रजीत साध्या ‘एन’नेच लिहितात, तिथे कोणी ‘एन’ दोनदा घालणार नाही याकडेही लक्ष ठेवा.